चुड्याचा दुसरा हात

आपल्याकडे माणसाला आधी पाणी देतात आणि लगेच वय विचारतात. किरनापूरच्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई तिकीट फाटायच्या आत चौकशीला लागते: वय किती, लेकरं किती, नसतील तर काहून नाहीत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. अंजना मात्र हा प्रश्न कानावर आला की खिडकीबाहेर बघायला लागायची. ती सत्तावीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ती एकवीसची आहे या बोलीवर ठरलं होतं.

ते खोटं तिच्या आईचं, सत्यभामाबाईचं. बाप गेल्यावर अंजनानं दोन्ही धाकट्या भावांना वाढवलं, धानाच्या बांधीत रोवणी केली, आणि त्यात लग्नाचं वय मागं पडलं. एक सोयरीक वयावरूनच मोडली होती. ही दुसरीही मोडली असती तर तिसरी येणार नव्हती, हे बालाघाटच्या त्यांच्या मोहल्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवरा मुलगा भैयालाल चोवीसचा होता.

हळदीच्या आदल्या दिवशी बांगडीवाली खैरूनबी चुडा भरायला आली. टोपली उतरवून अंगणात बसली. आसपासच्या दहा गावांतल्या बायांचे हात तिच्या हातांतून गेलेले. कोणाचं मनगट कधी सुजलं, कोणाचं कधी वाळलं, तिला न सांगता कळायचं. पण तिनं कधी कोणाला काही विचारलं नाही. लहानपणी अंजनानंच तिला विचारलं होतं, "चाची, तुमचं वय किती?" तेव्हा ती हसली होती. "बेटा, आमच्यात हे पुसत नाही. ज्याच्याशी आपलं काम नाही ते सोडून द्यावं, असं आमचे नबी सांगून गेले. अब्बा म्हणायचे, बांगडीवालीनं हाताचं माप घ्यावं, बाईचं नाही."

चुडा सासरकडचा, म्हणून भैयालालची मोठी काकू चंपाबाई किरनापूरहून आली होती. भैयालालला आई नव्हती. त्या घरात चंपाबाई म्हणेल ती पूर्व दिशा. शेजारच्या बाया जमल्या होत्या, चंपाबाई सुपारी कातरत बसली होती, आणि अंजनाचा एक हात हिरव्या बांगड्यांनी भरूनही झाला होता. सगळं कसं सुरळीत चाललेलं. पण सत्यभामाबाईला कौतुक आवरेना.

"आमच्या अंजनाच्या बारशाच्या बांगड्याबी खैरूनबीनंच भरल्या होत्या," ती बोलून गेली. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

चंपाबाईचा अडकित्ता थांबला. "हौ का? मंग खैरूनबी, तुमाले तर ठाऊकच असन. मले ही पोरगी एकवीसची दिसून नाही राह्यली. किती वर्षं झाली त्या बारशाले?"

खैरूनबीची बोटं अंजनाच्या दुसऱ्या मनगटावर होती, आणि आपली धडधड त्या बोटांना कळते आहे याची अंजनाला लाज वाटली. एकवीस म्हणा चाची, एवढंच म्हणा, ती मनात घोकत होती. पण ही बाई खोटं बोलणार नाही, हेही तिला पक्कं माहीत होतं.

"हे मले पुसू नका बाई," खैरूनबी शांतपणे म्हणाली. "मी हात भरते. आज हिचं तुमाले सांगितलं, तर उद्या तुमचं कोणाले सांगीन."

बसलेल्या बायांनी एकेक करून हात पदराखाली घेतले. चंपाबाई मात्र तापली. "म्हणजे काहीतरी हाय. नका सांगू. पण उद्यापासून किरनापुरात आमच्या मोहल्ल्यात तुमची टोपली उतरणार नाही, हे ध्यानात ठेवा."

किरनापूरचा बाजार म्हणजे खैरूनबीची अर्धी भाकर. म्हातारीनं मान हलवली. "रोजी देणारा वर बसला हाय, बाई." आणि ती उरलेल्या बांगड्या टोपलीत ठेवू लागली.

अंजनाला राग आला. आईचा आला, चंपाबाईचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आपलं लग्न या म्हातारीच्या भाकरीवर उभं राहणार असेल तर ते कसलं लग्न?

"मी सत्तावीसची हाव," ती म्हणाली. "चाचीले काहून त्रास देता? मले विचारायचं होतं."

चंपाबाई उठली, तिनं पदर खोचला, चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात शेजारची म्हातारी रुख्माबाई खोकली.

"अर्ध्या चुड्यावरून उठू नये चंपाबाई. पोरीचा एक हात रिकामा हाय. असं सोडून गेल्या, तर त्याचं पाप तुमाले लागन."

चंपाबाईनं अंजनाच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. राग असला तरी रीत मोडायची तिची छाती नव्हती. ती पुन्हा बसली. "भरा," म्हणाली.

खैरूनबी भरू लागली. प्रत्येक बांगडीला अंजनाला वाटे, शेवटची चढली की चंपाबाई उठेल आणि सोयरीक मोडली म्हणून सांगेल. शेवटची चढली. चंपाबाई उठली नाही. तिनं पुढे सरकून स्वतःचा हात खैरूनबीसमोर धरला आणि इतक्या हळू बोलली की मधे बसलेल्या अंजनालाच तेवढं ऐकू आलं.

"खैरूनबी, माह्या लग्नाचा चुडाबी तुमीच भरला होता."

"हौ."

"तवा माह्या सासूनं तुमाले माह्या वयाचं काही विचारलं होतं?"

खैरूनबीनं अंगठ्याच्या हाडावरून बांगडी अलगद पुढे सरकवली. "पुसलं होतं, बाई."

चंपाबाईचा हात ताठ झाला. "मंग?"

"मंग काय? तुमी नांदल्या ना."

चंपाबाईनं नवी बांगडी मनगटावर फिरवून नीट बसवली. मग कोणाकडेही न बघता तिनं मोठ्यानं विचारलं, "सत्यभामाबाई, हळद दळून झाली का? आन् खैरूनबीले चहा द्या."