याच पत्राखाली

सलग नवव्या सकाळी मेल सर्व्हरचा बॅकअप त्रेसष्ट टक्क्यांवर जाऊन बसला, आणि मी त्याला अशी शिवी हासडली की शेजारच्या खोलीतलं घासायचं मशीन थांबलं. आमच्या कारखान्यात कृत्रिम पाय तयार होतात. लांबलांबच्या दवाखान्यांतून मापं, फोटो, तक्रारी असं सगळं ईमेलवर येतं, आणि ते सांभाळणारी मी एकटी. मला इथे सर्व्हरबाई म्हणतात. राग माझ्या नाकावरच असतो, त्यामुळे आणखीही काही म्हणत असतील, पण ते माझ्या कानावर आलेलं नाही.

सर्व्हरची डिस्क म्हातारी झाली होती आणि चार दिवसांपासून कुरकुरत होती. नवी डिस्क टेबलावर येऊन पडली होती. पण सगळ्या पत्रांची धड नक्कल दुसरीकडे असल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही, हा माझा नियम. म्हातारी एकदा बंद केली की पुन्हा सुरू होईल याचा काय भरवसा?

मी केबल बदलली, जागा रिकामी केली, प्रोग्रॅम नव्याने टाकला. पण ये रे माझ्या मागल्या! शेवटी नोंदींची फाइल ओळ न् ओळ वाचायला बसले. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं असतं. दर वेळी गाडी एकाच मेलबॉक्सवर अडत होती, साचेवाल्या काकांच्या.

काका पंचवीस वर्षं पायांचे साचे बनवतात आणि तोंड फक्त जेवायला उघडतात. महिन्यापूर्वी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक ताई आल्या. आधी बॅगा शिवायच्या, म्हणून बॅगवाल्या ताई. त्या दहादा विचारायच्या, "काका, हे असं का?" काका म्हणायचे, "बघत राहा." बिचाऱ्या बघत राहायच्या.

काकांचा मेलबॉक्स उघडला, तर आत एकच पत्र. पण एवढं अवाढव्य, की बॅकअपचा प्रोग्रॅम ते उचलायला जायचा आणि कोलमडायचा. मी तणतणत साचेखान्यात गेले.

"काका, हे काय प्रकरण आहे?"

काकांनी प्लास्टरचे हात फडक्याला पुसले. "उस्तादांचं पत्र आहे ते."

उस्ताद म्हणजे काकांना साचे शिकवणारे. "त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली!"

"हो. निवृत्त होताना त्यांनी लिहिलं होतं, काही अडलं तर याच पत्राखाली लिही. ते होते तोवर उत्तर यायचं. नंतर मी आपलं स्वतःलाच पाठवत राहिलो. प्रत्येक पायाचं, फोटोसकट."

"म्हणजे दर नव्या पत्रात मागचं सगळं?"

"सगळं. आणि नवं गेलं की जुनं पुसून टाकतो. तूच सांगितलं होतंस ना, पसारा ठेवू नका म्हणून?"

सांगितलं होतं. सगळ्यांना ओळीने उभं करून झापलं होतं. त्याहून वाईट म्हणजे पत्राच्या आकाराची मर्यादाही मीच काढली होती, फक्त काकांसाठी, 'पत्र फार मोठं आहे' या सर्व्हरच्या सूचनांची रोजची भुणभुण नको म्हणून. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्यांच्या साऱ्या कामाची एकुलती एक प्रत त्या कुरकुरणाऱ्या डिस्कवर होती.

कारखाना चालवणाऱ्या मॅडम तेवढ्यात आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "ते एक पत्र वगळ. बाकीचं घे आणि चार वाजता डिस्क बदल. तीनशे लोक पायाची वाट बघतायत."

त्यांचं चुकत नव्हतं. काकांनी फडक्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"वगळते," मी म्हणाले. "पण चार म्हणजे चार. तोवर डिस्क माझी."

बाकीचा बॅकअप तासाभरात शंभर टक्के झाला. मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पत्र अख्खं उचलायचंच नाही, खालून वर, एकेका तारखेचा मजकूर वेगळा काढत जायचं. तुकडे पडद्यावर येऊ लागले. काका खुर्चीत अंग चोरून बसले आणि ताई माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"'पाय परत आला,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "'गुडघ्याखाली घासतोय. चूक माझी. साचा ओला असतानाच काढला.' काका, तुमचेही परत यायचे?"

काका कानापर्यंत लाल झाले. "पहिल्या वर्षी अकरा आले."

"माझे चार आलेत. मी सोमवारी राजीनामा देणार होते."

"चारच?" काका म्हणाले. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

तीन वीसला डिस्क करकरली आणि तुकडे थांबले. नास्तिक बाई मी, पण मनातल्या मनात कुणाकुणाची नावं घेतली. दोन मिनिटांनी पुढचा तुकडा आला, मग त्याच्या पुढचा. चारला दहा कमी असताना शेवटचा हाती लागला.

नक्कल परत उघडून पाहिल्याशिवाय मी तिला बॅकअप म्हणत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जुना तुकडा उघडला. "काही अडलं तर याच पत्राखाली लिही. लाजू नकोस." काकांनी डोळे पुसले आणि प्लास्टर गालभर फासलं. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी लपवलं नाही.

डिस्क बदलली. दुसऱ्या सकाळी बॅकअप शंभर टक्के झाला होता. माझ्याकडे काकांच्या एका पत्राची प्रत आली होती. पत्र ताईंना होतं. "काही अडलं तर याच पत्राखाली लिहा. लाजू नका. चार म्हणजे काहीच नाही." ताईंचं उत्तर नऊच्या आत आलं होतं, खाली काकांचा अख्खा मजकूर आणि तीन मोठे फोटो.

मर्यादा परत घालायची, असं मी रात्रीच ठरवलं होतं. त्याऐवजी रोज सकाळी नवं पत्र सुटं करून जपणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली आणि मर्यादा काढलेलीच राहू दिली.