मोनालीनं न वाचलेली पुस्तकं

मार्गशीर्षातली कोवळी, केशरी सकाळ. धान कापून रित्या झालेल्या बांध्यांवर धुकं रेंगाळलेलं, आणि धुक्यापलीकडे तलाव. रुपेरी, निःशब्द, नितळ. त्या तलावाच्या पाळीला लागून एक शाळा, आणि शाळेच्या पूर्वेच्या टोकाला ग्रंथालय.

आठ लोखंडी कपाटं, दोन लांब टेबलं, एक खिडकी. बस, एवढंच ऐश्वर्य! पण खिडकीतून ऊन आत शिरलं की पुस्तकांच्या तांबड्या, जांभळ्या, हिरव्या पाठी अशा काही उजळायच्या, की त्या खोलीपुढे राजवाडे फिके पडावेत. ज्याला हे पटत नाही, त्यानं एकदा तिथं जाऊन बसावं.

ढोमणे मॅडम तिथल्या ग्रंथपाल. कृश, करारी, कोमलहृदयी. त्यांचा एक दंडक होता. पुस्तक परत करताना टेबलाशी उभं राहून त्यातली गोष्ट सांगायची, तेव्हाच नवं पुस्तक हाती पडायचं. मुलं कुरकुरायची, पण सांगायची, आणि सांगता सांगता कधी वाचक होऊन गेली ते त्यांनाही कळलं नाही.

सगळ्यांत सुरस सांगायची ती आठवीतली मोनाली नान्हे, मासे धरणाऱ्या ढिवराची लेक. दर शुक्रवारी एक पुस्तक, दर शुक्रवारी एक अद्भुत. जाळीआड मुख झाकून अरण्यात एकटीच राहणारी राजकन्या तर तिनं अशी रंगवली, की अख्खी आठवी टेबलाभोवती गोळा झाली. शिक्षकांच्या खोलीत मॅडमनी तिचं तोंडभरून कौतुक केलं.

पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक वर्गातल्या पंकज कापगतेनं नेलं, आणि तोंड वाकडं करून परत आणलं. राजकन्या कुठंच नाही म्हणाला. मधमाश्या कशा पाळाव्यात, तेवढंच त्यात होतं.

मॅडमनी पुस्तक उघडलं. चित्रात अरण्य होतं, पेटी होती, आणि माश्या डसू नयेत म्हणून तोंडावर जाळी घेतलेली एक बाई होती. म्हणजे पोर चित्रं पाहून गोष्टी रचत होती?

मधल्या सुट्टीत त्यांनी मोनालीला एकटीलाच बोलावलं, पान पुढे केलं आणि वाचायला सांगितलं. मोनालीचं बोट पहिल्या शब्दावर टेकलं. अक्षरं तिला एकेकटी ओळखू यायची, पण त्यांचा शब्द काही केल्या जुळेना. फळ्यावरचं हुबेहूब उतरवत, मान खाली घालत पोर आठवीपर्यंत आली होती.

"कोणाले सांगू नका जी, मॅडम," एवढंच ती म्हणाली.

मॅडमना राग आला नाही. लाज वाटली, आणि ती स्वतःची. गोष्टी ऐकण्यात त्या अशा दंग झाल्या, की एक ओळ वाचून दाखव असं म्हणायचं त्यांना कधी सुचलंच नाही.

त्यांनी तिला जवळ बसवलं. आता तुझी गोष्ट तूच सांग, मी लिहिते, म्हणाल्या. मग रोज मधल्या सुट्टीत मोनाली सांगायची. मॅडम ते रात्री घरी ठसठशीत अक्षरांत कागदावर उतरवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मोनाली तेच वाचायला बसायची. पौष सरला, माघ आला. अडखळणारी जीभ सैल झाली, शब्द शब्दाला भेटू लागला.

पण एक शंका मॅडमना कुरतडत होती. गोष्ट तिची, शब्द तिचे. पोर वाचते आहे, की पाठ म्हणते आहे? पाठच म्हणत असेल, तर एवढे सगळे दिवस फुकट गेले, आणि दहावीच्या आधीच ही शाळा सोडून घरी बसणार.

एके दिवशी पानावर वादळ होतं. कृष्णमेघांनी काजळलेला तलाव, फेसाळणाऱ्या लाटा, आणि लाटांवर हिंदकळणारा एक डोंगा. मोनाली वाचत होती, सलग, स्वच्छ, सुरात. आणि अचानक थांबली. पुन्हा मागे गेली. पुन्हा त्याच जागी अडली. मॅडमची आशाच मावळली. पाठ केलेलं विसरली, दुसरं काय!

मोनालीनं मान वर केली.

"इथं बाबा लिवलं आहे जी, मॅडम. बाबानं वल्हं धरलं, असं. मी त माय म्हनली होती."

मॅडमनी वाकून पाहिलं. खरंच की! वल्हं म्हटलं की बाबा, त्या सवयीनं हात चुकला होता. चूक त्यांची होती, आणि उभ्या आयुष्यात कुठल्या चुकीनं त्यांना एवढा आनंद दिला नव्हता. डोळे भरून आले. त्यांनी आपलं पेन तिच्यापुढे ठेवलं.

मोनालीनं 'बाबा' खोडलं, आणि वर गच्च दाबून, जरा वाकडं, जरा मोठं लिहिलं, 'माय'. मग मायनं वल्हं धरलं. लाटेमागून लाट आली, ओळीमागून ओळ आली, आणि मोनाली वाचत राहिली, काठ येईपर्यंत.