पोर्ट सुटेपर्यंत

"काका, छपाई तोडू का? बाहेरचे निरोप अडकलेत."

"तोड. आणि मग मी वाचू काय, तुझं तोंड?" गाणं चालू होतं, तरी एलिहिओकाकांनी सवयीने माइकवर हात ठेवला.

नेलिदा मूग गिळून बसली. नऊ वर्षं रेडिओ केंद्रात काढून ती एवढंच शिकली होती.

केंद्रात कम्प्युटर दोन. बाहेरच्या खोलीत सुनिल्दा फोनवर आणि खिडकीवर आलेले निरोप टाइप करी, आत नेलिदा ते ओढून घेई आणि कागदावर काढून काकांना देई. काकांना पडद्यावरचं दिसत नसे. पण प्रिंटर आणि बाहेरच्या कम्प्युटरची तार, दोन्हींना मिळून नेलिदाच्या कम्प्युटरला पॅरलल पोर्ट, म्हणजे तार खोचायचं तोंड, एकच. त्यावर दोन्ही तारांसाठी बसवलेल्या डबीची खुंटी नुसती फिरवून भागत नसे. छपाईचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, पोर्ट सोडेपर्यंत नेटवर्कचा ड्रायव्हर ताटकळत बसे. म्हणून रोज आधी निरोप, मग छपाई.

आज सान हुआनचा सण. अख्ख्या गावाने एकमेकांना शुभेच्छा धाडल्या होत्या, आणि काकांनी त्या आधी छापायला लावल्या. प्रिंटर रडतखडत एकेक ओळ काढत होता.

"निदान सुनिल्दाला विचारून तरी बघते."

"विचार की. मी धरून ठेवलंय का तुला?"

नेलिदाने काचेवर टकटक केलं. खिडकीशी जमलेल्या गर्दीत बुडालेल्या सुनिल्दाने मान हलवली, तातडीचं काही नाही. ते तेव्हा खरंच होतं. राजधानीच्या इस्पितळाचा फोन त्यानंतर आला. सुनिल्दाने निरोप टाइप केला, पाठवला आणि पुढच्या माणसाकडे वळली.

पोर्ट सुटला तेव्हा निरोपांची वेळ संपून पोल्का लागला होता. नेलिदाने निरोप ओढले. शेवटचा तिने तेवढाच छापून काकांपुढे सरकवला. 'एर्मिनियाबाई, तिसरी वस्ती. नवरा अत्यवस्थ आहे, तुम्हाला विचारतो. आजच्याच बसने या.'

काकांनी गाणं मध्येच तोडलं. निरोप दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश.

"ऐकलं असेल कुणीतरी," ते म्हणाले.

वस्त्यांवर वीज नव्हती. सेल महाग, म्हणून लोक रेडिओ निरोपांपुरता लावत आणि लगेच बंद करत. हे काकांनाही ठाऊक होतं. त्या क्षणी नेलिदाला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एक कळ दाबायची होती. काका ओरडले असते, दुसरं काय झालं असतं?

दुसऱ्या दिवशी काकांनी प्रिंटरला हात लावू दिला नाही.

"आधी निरोप घे, पोरी."

पोर्ट मोकळाच होता. इस्पितळाचा निरोप झटकन आला. तिने तो छापून त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी चष्मा पुसला, वेळ झाल्यावर माइक ओढला आणि रोजच्याच आवाजात वाचलं, "एर्मिनियाबाई, तिसरी वस्ती. आता घाई करू नका. पाद्रींना सांगून ठेवा. नवऱ्याला गावीच आणतोय."