दोन्ही सारखंच

नवा चष्मा लागल्यापासून तिच्या घरातली फरशी उताराला लागली होती. दाराच्या चौकटी पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलायच्या. रस्त्यावरची माणसं किंचित तिरकी होऊन, कुणालाच कुठे पोचायची घाई नसल्यासारखी तरंगत जायची. खरं सांगायचं तर तिला हे आवडतच होतं. पण आज सकाळी जिन्यात नसलेल्या पायरीवर पाय ठेवायला गेली आणि गुडघे फोडून घेतले, तेव्हा आईने तिला आत्याच्या चष्म्याच्या दुकानात पिटाळलं. नंबर आत्यानेच काढला होता.

घरात तिला त्रिशंकू म्हणत. हे नाव बाबांचं. शिक्षण संपून वर्ष झालं तरी पोरीचं काही ठरेना. नकाशे काढायला बसली की जेवायला उठायची नाही. रोपवाटिकेत गेली की नखांत माती घेऊन यायची. आणि वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे, त्या सरसाच्या वासात जाऊन बसली, की आपण पुढे कोण होणार हेच विसरून जायची. तिन्हीकडे तिला घ्यायला तयार होते, हीच तर पंचाईत. बाबा विमा कचेरीतले. चष्मा कपाळावर सरकवून, नाकाचं हाड चोळत म्हणायचे, एक ना धड भाराभर चिंध्या. ते तिला फार लागायचं.

म्हणून तिने मनाशी गाठ बांधली, की यापुढे कुणी काही विचारलं की चटकन उत्तर द्यायचं. त्याच झटक्यात तिने बाबांना 'नकाशे' सांगून टाकलं. उद्या नकाशांच्या कचेरीत रुजू व्हायचं होतं, आणि एकदा गेलं की तीन वर्षं सुटका नाही. बाबा खुशीत होते. तिला मात्र झोपेत रेषा दिसायच्या, कुठेच न पोचणाऱ्या.

आत्याने तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि एकेक काच घालायला सुरुवात केली. आता बरं, की आधी? आता. आता बरं, की आधी? आधी. पोरगी तोफेसारखी उत्तरं देत होती. आत्या थांबली. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं धुक्यात भिजत होती.

"खरं सांग," आत्या म्हणाली, "मघाशी दोन्ही सारखंच दिसत होतं ना?"

तिला रडूच आलं. "हो. मागच्या वेळीही."

"मग तसं म्हणाली का नाहीस?"

"बाबा म्हणतात, मला काही ठरवताच येत नाही."

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, दोन्ही सारखं दिसेपर्यंतच तर मी विचारत असते. तेव्हाच कळतं, नंबर बरोबर आला. तू उगीच पुढे ढकलत नेलंस मला."

"आणि मग दोन्हींतली कुठली देतेस?"

"हलकी," आत्या म्हणाली. "घातल्यावर नाकाला कळतसुद्धा नाही अशी."

संध्याकाळी ती नव्या काचा घालून घरी निघाली. रस्ता सरळ झाला होता, खिडक्या आपापल्या जागी गेल्या होत्या. तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. पण सरसाचा वास मात्र तोच होता, आणि म्हाताऱ्याच्या दारापाशी तिची पावलं आपोआप मंदावली.

बाबा जेवायला बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी खोटं बोलले. मला तिन्ही कामं सारखीच आवडतात." मग एका दमात म्हणाली, "उद्यापासून मी वाद्यांच्या दुकानात जाते. तिथे हलकं वाटतं."

आता त्रिशंकूचा उद्धार होणार म्हणून तिने मान खाली घातली. मग काचांची सगळी हकिकत सांगितली. बाबांनी घास ताटात ठेवला. कपाळावरचा चष्मा काढला, उलटासुलटा करून बघितला. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खळगे पडले होते. हा चष्माही त्यांच्या ताईच्याच दुकानातला.

"किती वर्षं डोकं दुखतंय माझं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"सारखंच दिसतं म्हटलं, तर चालतं?"