सोफ्यावरून उठताना

"बसा की कस्तुराबाई, इतका कम्फर्टेबल सोफा आहे. खातोय का तुम्हाला?" आश्रमाच्या मॅनेजर स्मिता मॅडम हसत म्हणाल्या.

खातोच मेला, असं कस्तुराबाईंच्या मनात आलं.

जे. पी. नगरमधल्या त्या वृद्धाश्रमाच्या हॉलसाठी कुणा दानशूर कंपनीने नवे सोफे दिले होते. मऊ, बुटके आणि खोल. बसलेल्याला पुन्हा उठायचंही असतं, हे देणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. आश्रमाचा नियम मात्र साधा होता: ज्याला आपलं आपण उठता येईना, त्याची रवानगी वरच्या मजल्यावर. वर कठडे लावलेल्या खाटा होत्या आणि वर गेलेलं माणूस परत हॉलमध्ये दिसत नसे. दसऱ्याला हॉलमधल्याच आप्पाजींना वर हलवलं. आता जिन्यातून त्यांचा नुसता खोकला खाली येई. म्हणून कस्तुराबाई हॉलमध्ये उभ्याच राहायच्या. नवऱ्याच्या माघारी पीण्या भागातलं घर मोडल्यावर हा हॉल, इथला टीव्ही आणि शेजारच्या खोलीतली कावेरीअक्का, एवढाच त्यांचा संसार उरला होता.

पण मॅडमनी दंडाला धरून बसवलं, तर करता काय? त्या बसल्या आणि रुतल्या.

चहाची घंटा झाली. मॅडम गेल्या, मंडळीही जेवणघराकडे निघाली. कस्तुराबाईंनी जोर लावून पाहिला. गुडघे ऐकेनात.

निपाणीकडची कावेरीअक्का त्यांच्याहून थोरली, पण काटक. ती मागे फिरली. "स्वल्प कळ काढ. हात दे हिकडं. मी हाय न्हवं?"

अक्काने ओढलं, कस्तुराबाई कशाबशा उभ्या राहिल्या, आणि नेमक्या दारात मॅडम. दोघींचे हात अजून एकमेकींच्या हातात होते.

"कोणाला उठता येत नव्हतं?"

कस्तुराबाईंनी अक्काचा हात सोडला.

"अक्काला," त्या म्हणाल्या. "तिलाच उठाय येईना झालंय, मॅडम."

आपली जीभ हासडावी असं त्यांना वाटलं. पण बोललेलं मागे घ्यायची हिंमत झाली नाही.

"खरं का, अक्का?"

कावेरीअक्काने कस्तुराबाईंकडे पाहिलं. मग मान हलवली. "हौदु, खरं हाय. गुडघा धरतोय हल्ली." आणि मॅडमना खरं वाटावं म्हणून ती सावकाश सोफ्यावर बसली.

"मग वर शिफ्ट करू या. तुमच्या सेफ्टीसाठीच," मॅडम म्हणाल्या. "कस्तुराबाई, धरा एका बाजूने."

कस्तुराबाईंनी अक्काचा हात धरला आणि ओढल्यासारखं केलं. अक्काचं वजन त्यांच्या हाताला लागलंच नाही.