राक्षसाची पावलं

आमच्या गेममधला शेवटचा राक्षस लढत नाही, नुसता पाठलाग करतो. खेळणाऱ्याने बोळांच्या भुलभुलैयातून पळत सुटायचं आणि बाहेरचं दार गाठायचं. राक्षसाच्या पावलांचा आवाज तयार करायचं काम माझं होतं. महिनाभर मी विटा घासल्या, पोती आपटली, पण एक आवाज धड निघेना. शेवटी वैतागून बाबांनाच घरातल्या पॅसेजमध्ये चालायला लावलं आणि त्यांची पावलं रेकॉर्ड केली. त्यांचा डावा पाय ओढत यायचा. आधी काठी, मग पाऊल, मग ती फरफट.

"म्हणजे राक्षस मी?" बाबा म्हणाले. "बरोबर आहे. अभ्यासाला बसवायचो तेव्हा तू हेच म्हणायचास."

दोन महिन्यांनी बाबा गेले. त्यानंतरच्या आठवड्यात गेममधला तो पाठलागाचा टप्पा तपासायला माझ्याकडे आला.

आमची टीमप्रमुख खुर्चीमागे उभी राहून बघत होती. "बाकीचे तीन मिनिटांत बाहेर पडतात," ती म्हणाली. "तू अर्धा तास आतच घिरट्या घालतोयस. राक्षस जवळ आला की पळतोस, मागे पडला की त्याच्यासाठी थांबतोस. दार समोर दिसतंय, जा की बाहेर."

"आवाज तपासतोय," मी तिच्यावर खेकसलो. "मध्ये बोलू नकोस."

राक्षसाने धरलं की ती पावलं थांबतात. दार ओलांडलं तरी थांबतात. तसं मीच बसवलं होतं.

दारापाशी जाऊन मी पुन्हा आत वळलो.