कानामागची धाप

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नसेल. संगणकाचं पोट उघडल्याशिवाय मी दिसत नाही. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काही काळे चौकोन आणि एका कडेला रंगीत भोकं, एवढंच माझं रूप. मी एक जुनं साउंड कार्ड आहे. संगणकातून माझ्याकडे नुसते आकडे येतात. त्यांचा आवाज करून मी माणसाच्या कानात सोडतो. माइक जोडला असेल तर बाहेरचा आवाज आत घेतो. याशिवाय मला काही येत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्याचा पुरता अर्थ मला अजून लागलेला नाही.

माझी पहिली वर्षं सांगलीत गेली. रविराज नावाच्या माणसाचा तिथे छोटा स्टुडिओ होता. यात्रांच्या आणि कुस्तीच्या मैदानांच्या जाहिराती तो माझ्यामार्फत भरायचा आणि मग त्या रिक्षांवरून गावोगाव वाजायच्या. आवाज स्वच्छ येतो तो या कार्डामुळे, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. मला फार बरं वाटे. पुढे संगणकाच्या मुख्य बोर्डावरच आवाजाची सोय येऊ लागली. रविराजनं नवा संगणक घेतला आणि मी स्क्रूंच्या डब्यात जाऊन पडलो. तीन वर्षं कुणी झाकण उघडलं नाही. मग कोरेगावचा नियाज आला. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या सामानाबरोबर तो मलाही घेऊन गेला.

कोरेगावात मी मानसिंगांच्या घरी बसलो. ते हवाई दलातून निवृत्त झालेले. मोठ्या मालवाहू विमानांच्या इंजिनांची देखभाल त्यांनी जन्मभर केली होती. फौजेतून आलेल्या कुणालाही गावात मेजरच म्हणतात, तसं त्यांनाही म्हणत. इंजिनांच्या आवाजानं त्यांचे कान अधू झाले होते, हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नसे. दुपारी जेवण झालं की ते कानांवर मोठे हेडफोन चढवून विमान चालवण्याच्या खेळात बसत. त्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. खऱ्यासारखं आकाश, खऱ्यासारखे डोंगर, खऱ्यासारखी घरघर. खेळणाऱ्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, वेगळं कार्ड हवंच. नियाजनं त्यांना समजावलं की आता त्याची गरज उरलेली नाही, बोर्डाचा आवाज तेवढाच चांगला असतो. पण मेजर म्हणाले, "इंजनं मी कानानं वळखायचो. बसव तू."

दसऱ्याला त्यांची मुलगी अंकिता पुण्याहून आली. तिनं याचा निकालच लावायचं ठरवलं. ती संगणकामागे उभी राहिली आणि हेडफोनची तार कधी माझ्यात, कधी बोर्डात घालू लागली. मेजरांनी डोळे मिटून कोणता आवाज कुणाचा ते सांगायचं. सहापैकी तीन वेळा ते बरोबर आले. म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. मेजर हसले, मी मात्र खट्टू झालो. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू? इंजिन, वारा, धावपट्टीवर टेकणारी चाकं, सगळं बोर्डही माझ्याइतकंच नीट ऐकवत होता.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मेजरांनी एकाएकी हेडफोन काढून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. त्यांनी पुन्हा हेडफोन घातले. मग शालूबाईंना हाक मारून म्हणाले, विमानात कुणीतरी धाप टाकतंय. शालूबाई त्यांची बायको. त्या पदराला हात पुसत आल्या, ऐकल्यासारखं केलं आणि परत स्वयंपाकघरात गेल्या.

मी घाबरलो. माझ्याकडे आलेले आकडे मी पुन्हा आठवून पाहिले. त्यांत श्वास नव्हता.

मेजरांनी तार बोर्डात घातली, तर धापेचा आवाज गेला. माझ्यात घातली, तर आला. त्यांनी अंकिताला फोनवर सांगितलं की दोघांतला फरक सापडला. कार्ड जुनं झालंय, खरखरत असेल, असं तिचं म्हणणं. मेजरांना ते पटलं नाही.

त्यांचं वेगळंच चाललं होतं. नोकरीत बिराप्पा नावाचा त्यांचा जिवलग होता, जत भागातला. इंजिनांवर लक्ष ठेवायला दोघांनाही आळीपाळीनं विमानातून जावं लागे. विमान उंच गेलं की त्याला धाप लागायची. मेजर रजेवर असताना एकदा बिराप्पा त्यांच्या जागी गेला आणि ते विमान डोंगरातून परतलंच नाही. आता खेळात मेजर रोज त्याच डोंगरांवरून विमान नेऊ लागले. धाप ऐकू आली की विमान खाली आणत. थोड्या वेळानं श्वास शांत होई. मग ते हळूच म्हणत, "आता बरं वाटतंय न्हवं, गड्या?"

संक्रांतीला अंकितानं त्यांना माइक आणून दिला. बिनतारी संदेशावर बोलावं तसं दुसऱ्या खेळणाऱ्यांशी बोलता यावं, हा तिचा हेतू. नियाजनं तो मला जोडला आणि स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात येईल अशी व्यवस्था करून दिली. त्यानंतर ती धाप अगदी स्पष्ट झाली. मानेजवळ कुणी बसल्यासारखी. मेजरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुपार होण्याची ते वाट बघत बसत.

होळीच्या आधी अंकितानं काळजीनं नियाजला घरी पाठवलं. त्यानं हेडफोन घातले आणि त्याचा चेहरा उतरला. धाप त्यालाही ऐकू आली. तेवढ्यात बाहेरून उसाची ट्रॉली गेली आणि त्यानं मान वर केली.

"मेजर, तुमच्या इमानात ट्रॅक्टर कसा वाजतोय?"

त्यानं माइक उपटला. धाप थांबली. पुन्हा जोडला, आली. त्यानं माइक खिडकीकडे वळवला, ती बारीक झाली. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवला, तर ती इतकी मोठी झाली की त्यानं हेडफोन काढून टाकले. लोटलेलं दार त्यानं ढकललं. पिठाच्या डब्याला टेकून शालूबाई जमिनीवर बसल्या होत्या. ओठ निळसर, अंगाला घाम, तोंडाशी पदराचा बोळा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

नियाजनं त्यांना गाडीत घालून साताऱ्याला नेलं. हृदयाची झडप निकामी होत आली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर हाती काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. शालूबाई वाचल्या.

हे मला पुढे अंकिताच्या बोलण्यातून कळलं. दवाखान्यात मेजर त्यांना एवढंच म्हणाले होते, "सांगितलं का न्हाई?"

त्यावर शालूबाई म्हणाल्या होत्या, "तुमी बिराप्पासंगं बोलत हुता. त्यात माझं कुठं सांगू?"

कोडं सुटलं म्हणून सगळे निश्चिंत झाले. मग घरी तपासणीचे कागद लावताना अंकिता थांबली. धाप कधीपासून लागते, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. शालूबाईंनी दिवाळीपासून असं सांगितलं होतं. अंकितानं कागद खाली ठेवले.

"आबा, माइक तर संक्रांतीला आणला मी."

मेजरांनी माझ्याकडे, म्हणजे संगणकाच्या बंद पेटीकडे पाहिलं. त्यांनी माइक काढून टाकला. मला मात्र काढू दिलं नाही. आता ते एक कान उघडा ठेवून विमान चालवतात आणि शालूबाई शेजारच्या खुर्चीत बसतात. धाप पुन्हा आलेली नाही.

दिवाळी ते संक्रांत मी त्यांना काय ऐकवलं, कुठून आणलं, मला ठाऊक नाही. माझ्यात बिराप्पा नव्हता आणि माइक नसल्यानं तेव्हा शालूबाईही नव्हत्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. नवं यंत्र घ्या, मला डब्यात टाका, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरातलं कुणी हल्ली बोलता बोलता थांबत असेल, जिन्यात मध्येच उभं राहत असेल, विचारल्यावर काही नाही म्हणत असेल, तर उठा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. कानात काही घातलं असेल तर ते आधी काढा.